रिकामें कवच

१८८३ सालीं जर्मनींतील ब्रेमेन शहरीं जहाजें बांधणाऱ्या एका कारखान्यांतील १,२८९ कामगारांना देवीची लस टोंचण्यांत आली. पुढील कांहीं आठवड्यांत व महिन्यांत त्यांपैकीं १९१ जण काविळीनें आजारी पडले. त्याच कारखान्यांतील ज्या लोकांना निराळ्या सांठ्यांतील लस मिळाली होती, किंवा जे कामावर मागाहून आले होते, ते मात्र सुखरूप राहिले. ल्यूरमान नांवाच्या डॉक्टरानें १८८५ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोष लशींतच होता, असा त्याचा निष्कर्ष होता व तो बरोबर होता. परंतु लशींत नेमकें काय शिरलें होतें, हें पाहण्याचें साधन त्या काळीं पृथ्वीच्या पाठीवर कोणाजवळहि नव्हतें.

पुढें ऐंशीहून अधिक वर्षांनीं तें दिसलें. जें दिसलें त्याचाच एक भाग हातीं घेऊन मनुष्यानें त्या काविळीवर लस तयार केली, आणि विषाणूंवर लस करण्याची एक अगदीं नवी रीत त्यांतून जन्मास आली. २०२० नंतरच्या महामारीच्या दिवसांत 'नॅनो' हा शब्द घरोघरीं जाऊन पोंचला. मेदाच्या सूक्ष्म गोळींत विषाणूचा संदेश भरून तो शरीरांत सोडण्याची युक्ति तेव्हां गाजली, व ती जणूं एका रात्रींत सुचली असा पुष्कळांचा समज झाला. पण अतिसूक्ष्म कणांचा आणि लशींचा संबंध याहून कितीतरी जुना आहे. त्याच्या उगमाकडे गेलें असतां या विद्येचें सामर्थ्य कशांत आहे तें कळतें, आणि तिचें ऋण कोणाचें आहे तेंहि कळतें. प्रस्तुत लेखाचा उद्देश एवढाच आहे.

लशीविषयींची जुनी समजूत अगदीं साधी होती. १७९६ सालीं एडवर्ड जेन्नर यानें गाईच्या देवींचा द्रव जेम्स फिप्स या मुलाच्या दंडांत घातला, तेव्हांपासून एका सजीवाच्या फोडांतून काढून दुसऱ्याच्या कातडीखालीं घातलेला द्रव म्हणजे लस, एवढाच अर्थ लोकांना ठाऊक होता. आमच्या मुंबईस ही विद्या बगदाद-बसऱ्याच्या वाटेनें आली. १८०२ सालच्या जूनच्या १४ तारखेस ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस मुंबईंत लस टोंचली व ती लागू पडली. हिंदुस्थानांतील हें पहिलें यश. तिच्या दंडावरील फोडांतून द्रव घेऊन तो दुसऱ्या मुलांना दिला, त्यांचा तिसऱ्यांना, आणि अशा रीतीनें दंडाकडून दंडाकडे चालत ती लस देशांत पसरली. बर्फाची पेटी नाहीं, कुप्या नाहींत. माणूस हेंच लशीचें भांडें होतें. या रीतीनें असंख्य जीव वांचले हें खरें. परंतु त्या द्रवाबरोबर देणाऱ्याच्या रक्ताचा अंशहि जात असे, आणि त्या रक्तांत दुसरें कांहीं दडलेलें असेल तर तेंहि जात असे. ब्रेमेनच्या कामगारांना मानवी द्रवापासून केलेलीच लस मिळाली होती.

हा धडा एकदां मिळून पुरला नाहीं. १९४२ सालीं अमेरिकन सैन्याला पीतज्वराची लस टोंचण्यांत आली; लस टिकावी म्हणून तींत मानवी रक्ताची निवळ मिसळलेली होती. त्या वर्षीं सुमारें ५०,००० सैनिक काविळीनें रुग्णालयांत दाखल झाले. १९४७ सालीं ब्रिटिश डॉक्टर मॅक्कॅलम यानें यकृताच्या या दाहाचे दोन प्रकार मानावे असें सुचविलें : दूषित अन्नपाण्यानें होणारा तो 'अ' व रक्तावाटे होणारा तो 'ब'. नांव मिळालें, पण नांवाचा धनी अद्याप अदृश्यच होता.

तो सांपडला तो शोधणाऱ्याच्या ध्यानींमनीं नसतां. बारूख ब्लूमबर्ग हा अमेरिकन वैद्य कावीळ शोधीत नव्हता. निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तांत आनुवंशिक भेद कोणते, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. वारंवार रक्त द्यावें लागलेल्या रोग्यांच्या शरीरांत परक्या रक्तद्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडें तयार झालेलीं असतात; म्हणून अशा रोग्यांच्या रक्ताची निवळ तो जगभरच्या नमुन्यांशीं ताडून पाही. १९६३ सालीं न्यूयॉर्कमधील एका रक्तस्रावी रोग्याची निवळ ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासीच्या निवळीशीं भिडली आणि मधल्या थरांत एक रेघ उमटली. म्हणजे त्या आदिवासीच्या रक्तांत असें कांहीं होतें, कीं ज्याची ओळख न्यूयॉर्कच्या रोग्याच्या शरीराला पूर्वींच पटलेली होती. १९६५ सालीं ब्लूमबर्ग, ऑल्टर व त्यांचे सहकारी यांनीं त्या द्रव्याला 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' या नांवानें जाहीर केलें. पुढें १९६७ सालीं त्याच्या प्रयोगशाळेंतील एक साहाय्यिका आजारी पडली. तिनें स्वतःच्या रक्ताची परीक्षा केली आणि पूर्वीं नसलेली ती खूण तिला तेथें आढळली. तिला कावीळ झाली होती. तिकडे जपानांत ओकोची व न्यूयॉर्कांत प्रिन्स हेहि याच निष्कर्षाला पोंचले. रक्तावाटे येणाऱ्या काविळीचा पत्ता असा लागला.

आतां इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें त्या रक्ताकडे पाहण्यांत आलें. १९६८ सालीं जे कण दिसले ते सुमारें २० ते २२ नॅनोमीटर व्यासाचे होते. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. यावरून या कणांचें मान ध्यानांत यावें. गंमत अशी, कीं या कणांच्या पोटांत कांहींच नव्हतें. विषाणूला आपला वंश वाढविण्यासाठीं जें बीजद्रव्य लागतें त्याचा त्यांत मागमूस नव्हता. १९७० सालीं लंडनमध्यें डेन याला ४२ नॅनोमीटरचे मोठे कण दिसले. तेच खरे, बीजासह असलेले विषाणु. रोग्याच्या रक्तांत अशा एका विषाणूमागें रिकामे कण हजारांनीं, कधीं लाखानेंहि असतात. म्हणजे हा विषाणु आपल्या कवचाचें प्रथिन गरजेपेक्षां अतोनात निर्माण करवितो आणि तीं रिकामीं कवचें रक्तांत सोडून देतो. शरीराचीं प्रतिपिंडें त्या पोकळ सैन्यावर खर्ची पडावीं व खऱ्यानें निसटून जावें, हा त्याचा लाभ असावा असें शास्त्रज्ञ मानतात.

विषाणूच्या याच डावांत आपलें औषध आहे, हें ब्लूमबर्ग व मिलमन यांनीं ओळखलें. १९६९ सालीं त्यांनीं एकस्वाचा अर्ज केला, कीं विषाणूच्या वाहकांचें रक्त घ्यावें, त्यांतून खरा विषाणु काढून टाकावा आणि रिकामे कण तेवढे लस म्हणून द्यावे. काट्यानें काटा काढणें हें आपण जाणतों. येथें काट्याचें टोंक निसर्गानेंच आधीं मोडून ठेवलें होतें. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जपानी प्राध्यापक नोरिओ तानिगुची यांनीं वापरांत आणला तो १९७४ सालीं. शब्द मागाहून आला. वस्तु रोग्यांच्या रक्तांत आधींच वाहत होती.

परंतु कल्पनेपासून कुपीपर्यंतची वाट निष्कलंक नव्हती, आणि इतिहास लिहिणाऱ्यानें ती वाट टाळून पुढें जाणें योग्य नव्हे. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर विलोब्रूक नांवाची मतिमंद मुलांची सरकारी संस्था होती. ती खेंचून भरलेली, अस्वच्छ, व कावीळ तेथें कायमची वस्तीला. १९५६ पासून सॉल क्रुगमन या बालवैद्यानें तेथें प्रयोग चालविले. त्यांत कांहीं मुलांना हेतुपुरस्सर काविळीचा संसर्ग दिला जाई. मुलांना नाहींतरी तो रोग होणारच होता व पालकांची संमति घेतली होती, असें त्याचें समर्थन होतें. संस्थेंत दुसरीकडे जागा मिळत नसतां प्रयोगाच्या विभागांत मिळते, अशा वेळीं आईबापांनीं दिलेल्या संमतीला संमति म्हणावें काय, हा प्रश्न तेव्हांहि विचारला गेला व आजहि विचारला जातो. याच क्रुगमननें १९७१ सालीं दाखविलें, कीं दूषित निवळ पाण्यांत मिसळून एक मिनिट उकळली असतां तिची रोगकारक शक्ति जाते, पण पुष्कळ मुलांना तिच्यापासून संरक्षण मिळतें. कणाची लस होऊं शकते याचा मानवी देहांतील हा पहिला पुरावा. आपल्या बाळांना मिळणाऱ्या लशीच्या मुळाशीं ज्यांना 'नको' म्हणतां येत नव्हतें अशीं मुलें आहेत.

पुढें मर्क कंपनींत मॉरिस हिलमन यानें वाहकांच्या रक्तद्रवावर पेप्सिन, यूरिया व फॉर्मल्डिहाइड यांचे संस्कार करून सर्व सजीव विषाणु नष्ट केले व कण शुद्ध केले. न्यूयॉर्कच्या रक्तपेढींतील वोल्फ श्मुनेस यानें त्या लशीची परीक्षा घेतली. १,०८३ समलिंगी पुरुष तींत आपखुशीनें सामील झाले. त्यांच्या समाजांत या काविळीचें प्रमाण फार होतें. १९८० सालीं निकाल प्रसिद्ध झाला : रोगाचें प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटलें. १९८१ सालीं लशीला परवाना मिळाला. पण त्याच वर्षीं एड्सचें पहिलें वृत्त आलें, आणि ज्या समाजानें या परीक्षेसाठीं दंड पुढें केला त्याच्यावरच तो घाला पडला. हिलमनच्या संस्कारांपुढें एड्सचा विषाणुहि टिकत नव्हता, हें पुढें सिद्ध झालें. तरी परक्या रक्तापासून केलेली लस घेण्यास डॉक्टरहि कचरूं लागले. ब्रेमेनची सावली शंभर वर्षांनीं पुन्हां पडली ती अशी.

यांतून सुटका केली ती पाव फुगविणाऱ्या यीस्टनें. त्यासाठीं आधीं एक तत्त्व समजलेलें असावें लागलें. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें फ्रेंकेल-कोनराट व विल्यम्स यांनीं तंबाखूच्या रोपावरील एका विषाणूचें प्रथिन व बीजद्रव्य वेगवेगळें केलें, आणि मग तीं दोन्ही एकत्र ठेवलीं. कोणी हात न लावतां तुकडे आपआपल्या जागीं बसले व विषाणु पुन्हां उभा राहिला. गवंड्यावांचून विटांनींच भिंत रचावी, असा हा प्रकार. याचा अर्थ असा, कीं कवचाची सगळी घडण प्रथिनाच्या अंगींच लिहिलेली असते. १९८२ सालीं व्हॅलेन्झुएला, रटर, हॉल व त्यांचे सहकारी यांनीं काविळीच्या विषाणूच्या कवचाचें जनुक तेवढें यीस्टमध्यें घातलें. यीस्टनें प्रथिन बनविलें आणि त्या प्रथिनाचे आपोआप कण झाले. रोग्याच्या रक्तांत दिसत तसेच, २२ नॅनोमीटरच्या आसपास. १९८६ सालीं अमेरिकेंत या लशीला परवाना मिळाला. जनुकांची जोडणी करून मनुष्यासाठीं केलेली ही पहिली लस. आतां कोणाचें रक्त नको होतें. विषाणु मुळांतच नव्हता, मग तो मारण्याचा प्रश्नच उरला नाहीं.

येथें वाचक विचारील, कीं कणाचा एवढा आग्रह कां? प्रथिन तेंच, तें सुटें सुटें दिलें तर काय बिघडलें? बिघडतें ते असें. सुटें प्रथिन शरीरांत गेलें तर प्रतिसाद दुबळा येतो. तेंच कणाच्या रूपानें गेलें तर तो कितीतरी पटींनीं सबळ असतो. रस्त्यानें एकटादुकटा मनुष्य गेला तर गांवकरी मान वर करून पाहत नाहीं. पण कवाईत करीत, ठराविक अंतरावर पाऊल टाकीत पलटण चालली, कीं सारा गांव सावध होतो. आपल्या रक्तांतील प्रतिपिंडें करणाऱ्या पेशींची गत अशीच आहे. त्यांच्या अंगावर अनेक ग्राहक असतात, आणि एकच आकृति समान अंतरानें वारंवार समोर आली, कीं ते अनेक ग्राहक एकदम पकडले जाऊन पेशी जागी होते. आपल्या देहाच्या स्वतःच्या द्रव्यांत अशी काटेकोर पुनरावृत्ति सहसा नसते. विषाणूच्या पृष्ठावर ती असते. १९९३ सालीं झ्यूरिक येथील बाखमान, झिंकरनागेल प्रभृतींनीं दाखविलें, कीं प्रथिन कोणतें याइतकेंच तें कसें मांडलेलें आहे यालाहि महत्त्व आहे. शिवाय या मापाचे कण लसिकावाहिन्यांतून वाहत थेट लसिकाग्रंथींत पोंचतात, आणि या पेशींची छावणी तेथेंच असते. सारांश, शरीर विषापेक्षां रूप ओळखतें. आणि रूप देण्यासाठीं विष द्यावें लागत नाहीं. जेन्नरपासून चालत आलेल्या लसविद्येंत हा खरा पालट आहे.

फळ काय मिळालें तें तैवानमध्यें पाहावें. त्या बेटावर ही कावीळ आईकडून मुलाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, व तिच्यापायीं यकृताचा कर्करोगहि पुष्कळ. १९८४ सालीं तेथें नवजात मुलांना लस देण्यास आरंभ झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत १९८१ ते १९८६ या काळांत या कर्करोगाचें वार्षिक प्रमाण लाखांत ०.७० होतें; १९९० ते १९९४ या काळांत तें ०.३६ वर आलें. एखाद्या कर्करोगाला लशीनें आळा बसतो याचें हें पहिलें प्रत्यक्ष प्रमाण.

मग तीच युक्ति दुसऱ्या विषाणूवर चालेल काय? जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांनीं १९८३ सालीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत पॅपिलोमा नांवाच्या विषाणूचा एक प्रकार दाखवून दिला होता. हा विषाणु प्रयोगशाळेंत सहज वाढत नाहीं, आणि त्यांत कर्करोगकारक जनुकें असल्यानें तो मारूनहि टोंचण्याची कोणाची छाती नव्हती. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें इयन फ्रेझर व चीनहून आलेले ज्यान झौ यांनीं १९९१ सालीं त्याच्या कवचाचे रिकामे कण बनवून दाखविले. पांच पांच प्रथिनांचे ७२ गुच्छ मिळून सुमारें ५५ नॅनोमीटरचा एक गोल; आंत पुन्हां पोकळी. २००६ सालीं त्यापासूनची लस अमेरिकेंत मान्य झाली. झौ मात्र १९९९ सालींच, चाळिशी नुकतीच ओलांडली असतां, निवर्तले. आपल्या कामाचें फळ त्यांना पाहायला मिळालें नाहीं.

आमच्या देशांत या दोन्ही लशींचा प्रवास बोधप्रद आहे. काविळीची लस परदेशाहून येई तोंवर ती श्रीमंतांची वस्तु होती. हैदराबादेंत वरप्रसाद रेड्डी यांच्या शांता बायोटेक्निक्स या संस्थेनें ती १९९७ सालीं देशांतच तयार केली आणि किंमत झपाट्यानें उतरली. पुढें २००२ पासून निवडक ठिकाणीं व २०११ च्या सुमारास देशभर ती सरकारी लसीकरणांत आली. दुसऱ्या लशीचें तसें झालें नाहीं. २००९ सालीं आंध्रांतील खम्मम व गुजराथेंतील वडोदरा या जिल्ह्यांत हजारों शाळकरी मुलींना ती प्रायोगिक कार्यक्रमांत देण्यांत आली. त्यांतील सात मुलींचे मृत्यु ओढवले. ते लशीमुळें नव्हते असें चौकशींत ठरलें. परंतु त्याच चौकशींत हेंहि उघड झालें, कीं पुष्कळ ठिकाणीं संमतिपत्रांवर आईबापांऐवजीं वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनीं सह्या केल्या होत्या. एप्रिल २०१० मध्यें कार्यक्रम थांबला, आणि २०१३ सालीं संसदेच्या समितीनें त्यावर कडक ताशेरे झाडले. स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आपल्या देशांतील स्त्रियांना ग्रासणारा हा कर्करोग. त्यावरील लशीविषयींचा विश्वास एका सहीच्या हयगयीनें कित्येक वर्षें मागें गेला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें या रोगावर स्वतः केलेली लस बाजारांत आली ती जानेवारी २०२३ मध्यें.

आज ही विद्या निसर्गाच्या सांच्यांवर अवलंबून राहिलेली नाहीं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठांत संगणकावर कणाचा आराखडा करून त्याच्या पृष्ठावर करोना विषाणूच्या प्रथिनाच्या साठ प्रती बसविण्यांत आल्या. ती लस जून २०२२ मध्यें दक्षिण कोरियानें मान्य केली. आणि ज्या रिकाम्या कणापासून आपण आरंभ केला तो तर आतां दुसऱ्याचें ओझें वाहूं लागला आहे. ऑक्सफर्ड येथें आखलेल्या हिंवतापाच्या लशींत काविळीच्या त्याच कवचावर हिंवतापाच्या जंतूचा एक तुकडा जोडलेला आहे. हिंवताप विषाणूचा रोग नव्हे, पण त्याची ओळख शरीराला करून देण्याचें काम मात्र विषाणूचें कवच करतें. जागतिक आरोग्य संघटनेनें ऑक्टोबर २०२३ मध्यें ती लस शिफारसली. तिचें उत्पादन होतें पुण्यास, व ती जाते आफ्रिकेंतील मुलांकडे. ब्रेमेनच्या कामगारांच्या काविळीपासून येथवरचा हा मार्ग आहे.

तथापि विजयाचा डंका पिटण्याचा समय अद्याप आलेला नाहीं. २०२२ सालीं जगांत २५ कोटि ४० लक्ष लोक या काविळीचे जुनाट वाहक होते व त्या वर्षीं ११ लक्ष त्या रोगानें मेले. आपल्या देशांतील वाहकांची संख्या तीन कोटींच्या घरांत होती. लस जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत दिली, तर आईकडून बाळाकडे जाणारी साखळी तुटते. परंतु त्या सालीं जगांतील निम्म्याहून कमी बालकांनाच ती वेळेवर मिळाली. कण घडविणें साधलें आहे; तो घरीं बाळंत झालेल्या स्त्रीच्या खाटेपर्यंत पहिल्याच दिवशीं पोंचविणें साधलेलें नाहीं. तें काम सूक्ष्मदर्शकाचें नव्हे. तें सुईण, परिचारिका, बर्फाची पेटी व पायवाट यांचें आहे.

ॲना डस्टहॉलच्या दंडावरून जी लस पुढें गेली तींत काय काय होतें, हें तिला किंवा तिच्या आईला कोणी सांगितलें नव्हतें. सांगणाऱ्यासहि तें ठाऊक नव्हतें. आज ती सबब उरलेली नाहीं. बाळाच्या मांडींत जाणाऱ्या थेंबांत काय आहे व काय नाहीं, हें नॅनोमीटरच्या मापानें आपल्याला माहीत आहे. तें कवच आंतून रिकामें आहे, हेंच त्याचें मोल. आणि तें रिकामें करण्यासाठीं ज्यांनीं आपलें रक्त दिलें, कित्येकांनीं न विचारतांच दिलें, त्यांचें स्मरण ठेवून पुढच्या प्रत्येक आईला विचारून, समजावून मगच सुई उचलणें, हें त्या ऋणाचें व्याज आहे. मुद्दल फेडतां येण्याजोगें नाहीं.